फूल उलटं करून पाहा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात माणसाची नजर वर जाते. उंच चौथऱ्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा जालना रोडवरून येणाऱ्याला दुरूनच दिसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचं अनावरण झालं. १८५७ च्या उठावात पकडलेल्या सैनिकांना ज्या काळ्या चबुतऱ्यावर मृत्युदंड दिला गेला, तो इथलाच. चौकाच्या नावातली क्रांती ती. पाहण्यासारखं आणि आठवण्यासारखं इतकं असताना उड्डाणपुलाच्या खांबाच्या बुडाशी काय उगवलंय, याकडे कोणाचं लक्ष जाणार?

सप्टेंबर सरत आला, पाऊस उघडून चार दिवस झाले, की मी मात्र तिथे खाली पाहत चालतो. फुटपाथची फरशी जिथे उचकटली आहे तिथे, कंपाउंडच्या पायथ्याशी, रिकाम्या प्लॉटच्या कडेला, गाजर गवताच्या खांद्याला खांदा लावून गुडघाभर उंचीची काटक झुडपं उभी असतात. पानं हिरवी-करडी. फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची, शर्टाच्या बटणाएवढी. सकाळी लवकर जाल तर मिटलेली, दुपार कलल्यावर जाल तर पुन्हा मिटलेली. मधल्या तीन-चार तासांतच बहुतेकांचा दिवस असतो. हजारो लोक रोज त्यांच्या शेजारून जातात आणि कोणाला त्यांची नावं माहीत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ती एकाच जातीची वाटतात, आणि तशी ती नाहीत. चौकापासून पैठण गेटकडे रमतगमत जाताना तासाभरात मला सहा निरनिराळ्या जाती भेटल्या. सहाही भेंडीच्या कुळातल्या, म्हणजे माल्वेसी कुळातल्या. एकमेकींच्या इतक्या जवळच्या, की पहिल्या दिवशी मला त्यांतल्या चार जाती एकच वाटल्या होत्या.

तेव्हा एका मावशींनी माझी सोडवणूक केली. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून त्या अंबाडीच्या जुड्या विकत होत्या. मी वाकून वाकून काय पाहतोय हे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “काय हुडकू राहिले दादा? काही पडलं का?”

“नाही मावशी, हे झाड बघतोय. याला तुमच्याकडे काय म्हणतात?”

“तो तं चिकणा.”

“आणि ते?”

“ते बी चिकणाच.”

तिसऱ्यालाही त्या चिकणाच म्हणाल्या. मग भिंतीजवळच्या कंबरभर उंच, मखमली पानांच्या झाडाकडे बोट केलं, तसा त्यांचा चेहरा खुलला. “ती मुद्रा. लहानपणी तिच्या बोंडाचे शिक्के मारायचो आम्ही, पिठाच्या गोळ्यावर. मायचा मार खाल्ला तिच्यापायी.”

घरी येऊन पुस्तकं उघडली आणि थक्क झालो. ज्या तीन झाडांना मावशींनी एका नावाखाली घातलं, ती तिन्ही ‘सायडा’ या एकाच प्रजातीतली. जिला वेगळं काढलं, ती मुद्रा ‘अब्युटिलॉन’ या निराळ्या प्रजातीतली. आणि ज्या लिनियसनं जगभरच्या वनस्पतींना दोन पदांची नावं दिली, त्यानं १७५६ मध्ये मुद्रेचं नामकरण केलं ‘सायडा इंडिका’. म्हणजे तिला चिकण्यांच्याच पंगतीत बसवलं. तिला वेगळं पान मिळालं १८२६ मध्ये, रॉबर्ट स्वीट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाकडून. पिठाच्या गोळ्यावर शिक्के मारणाऱ्या पोरींनी तो भेद कधीच ओळखला होता, कारण त्यांचं लक्ष फळावर होतं.

या कुळात सगळं रहस्य तिथेच आहे. फुलाचा चेहरा पाहून कुळ कळतं. कुळातलं नेमकं माणूस कोण, हे मात्र फुलाच्या खाली आणि फुलाच्या नंतर पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी कुळाची खूण पाहू, कारण ती प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. फक्त तिच्याकडे आपण खूण म्हणून पाहिलेलं नसतं. गणपतीला वाहायच्या जास्वंदीच्या मधून जो लाल दांडा बाहेर येतो, तो निरखून पाहा. त्याच्या वरच्या भागावर पिवळ्या परागांचे ठिपके चिकटलेले असतात आणि अगदी टोकाला पाच मखमली बिंदू. तो दांडा भरीव नाही, नळी आहे. फुलातले सगळे पुंकेसर खालून एकमेकांना जुळून ती नळी तयार झाली आहे, आणि तिच्या पोटातून स्त्रीकेसराची बारीक दोरी वर निघते. ब्लेडनं नळी उभी चिरली तर आतली दोरी सहज वेगळी काढता येते. आता चिकण्याचं बटणाएवढं फूल घ्या. भिंग धरा. तीच नळी! जास्वंदीची बोटभर, याची जेमतेम तांदळाच्या कणीएवढी. पण बांधणी तीच. लिनियसनं अशा फुलांच्या वर्गाला ग्रीक शब्दांवरून नाव दिलं होतं, त्याचा अर्थ ‘एका गोतातले भाऊ’. कपाशीच्या फुलात, भेंडीच्या फुलात, परसपिंपळाच्या पिवळ्या घंटेत, सगळीकडे हे भाऊ असेच एकमेकांना धरून उभे असतात.

दुसरी खूण कळीत असते. पाकळ्या पंख्याच्या पात्यांसारख्या एकीवर एक चढून पिळलेल्या. कोणत्या बाजूला पिळलेल्या? काही फुलांत डावीकडे, काहींत उजवीकडे, आणि तेही एकाच झाडावर! कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या टी. ए. डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात या कुळातली डावी-उजवी फुलं मोजून पाहिली. त्यावरचा त्यांचा लेख १९६४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. दोन्ही प्रकार जवळजवळ निम्मे-निम्मे निघाले. उजव्या फुलाच्या बीतून उजवं झाड येतं असंही नाही. ही मोजणी करायला कागद-पेन्सिल पुरते. जास्वंदीच्या एका कुंपणापाशी अर्धा तास उभं राहून शाळकरी मूलसुद्धा ती करू शकतं.

तिसरी खूण बोटांना कळते. भेंडी चिरताना सुरीला जी तार सुटते, तीच जास्वंदीचं पान चुरगळून पाण्यात कालवल्यावर येते, आणि चिकण्याचं पान चोळल्यावरही. ‘चिकणा’ या नावाला त्या चिकटपणाची आठवण आहे असं मला वाटतं. चौथी खूण जोर लावल्यावर कळते. चिकणा उपटून पाहा. तो येत नाही. मूळ खोल गेलेलं असतं, आणि ओढावं तर खोडाची साल लांबच लांब पट्टीनं सोलून हातात येते. मावशी ज्या पोत्यावर बसल्या होत्या ते ज्यूटचं. ज्यूटही आता याच कुळात मोजलं जातं. त्यांच्या पुढ्यातल्या अंबाडीच्या खोडापासून वाख निघतो आणि त्याची चऱ्हाटं वळतात. या साऱ्यांच्या सालीत निसर्गानं एकच दोर वळून ठेवला आहे.

‘आता’ मोजलं जातं असं म्हणालो, त्याला कारण आहे. १९९० च्या दशकात झाडांचे डीएनए वाचून त्यांच्या वंशावळी नव्यानं मांडल्या जाऊ लागल्या, तेव्हा ज्यूटचं, सावरीचं आणि कांडोळाचं अशी तीन वेगळी मानलेली कुळं भेंडीच्या कुळात येऊन मिळाली. एका रात्रीत गोतावळा केवढा वाढला! काटेसावर आली, गोरखचिंच आली, मुचकुंद आला, गौताळ्याच्या डोंगरउतारावर पांढऱ्या सालीनं चमकणारा कांडोळ आला. बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळली जाणारी पिळदार मुरुडशेंग आली. चॉकलेट ज्याच्या बियांपासून बनतं तो कोकोसुद्धा आला. आज या कुळात चार हजारांहून जास्त जाती धरतात. मराठी बाळाच्या जिभेला पहिल्या महिन्यातच या कुळाची चव लागलेली असते आणि अंगावरचं पहिलं सुती झबलंही याच कुळातलं असतं.

आता त्या सहा पिवळ्यांकडे वळू. पहिलं काम एकच, फूल उलटं करायचं. पाकळ्यांना धरून ठेवणारी हिरवी पाच दातांची वाटी असते. तिला शास्त्रात संवर्त म्हणतात. त्या वाटीच्या खाली आणखी एखादा बारीक हिरव्या पट्ट्यांचा घेर आहे का? जास्वंदीला तो आहे. भेंडीला आहे. कपाशीला तर इतका मोठा आहे, की पाते म्हणून आपण जे पाहतो ते कळीभोवतीचे हे तीन झालरदार पंखच असतात. चिकण्याच्या वाटीखाली मात्र काहीही नाही. मुद्रेच्याही नाही. सहापैकी एकाच झाडाच्या वाटीखाली सुतासारख्या तीन पट्ट्या दिसल्या आणि तिथेच ते वेगळं पडलं.

त्या झाडाचं नाव मालवास्ट्रम कोरोमंडेलियानम. रस्त्यावरून पाहिलं तर हुबेहूब चिकणा. पान मात्र जरा चुणीदार, शिरा आत दबलेल्या, जणू इस्त्री न केलेलं कापड. भिंगातून खोडावरचे केस पाहिले तर ते उभे नसून खोडाला चिकटून निजलेले दिसतात. नावात कोरोमंडेल, म्हणजे आपला तमिळ-आंध्र किनारा, आणि झाड मात्र मूळचं अमेरिकेतलं! तरी लिनियसनं त्याला हेच नाव ठेवलं. नाव देण्याचे नियम असे, की पहिलं नाव चुकीच्या गावाचं असलं तरी टिकतं. म्हणून अमेरिकेतला वनस्पतिशास्त्रज्ञ आजही आपल्या अंगणातल्या या तणाला कोरोमंडेलच्या नावानं हाक मारतो. समुद्र ओलांडून आलेलं एक रोप क्रांती चौकात चिकण्यांच्या रांगेत असं मिसळून उभं आहे, की त्याच्या परकेपणाचा पुरावा तीन सुतांएवढाच उरला आहे.

मुद्रा ओळखायला भिंग लागत नाही. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, केशरी झाक असलेलं, आणि इतर फुलं मिटून गेल्यावर उमलणारं. दुपार उतरल्यावर आणि संध्याकाळी पाहावं. पान हृदयाच्या आकाराचं, हाताला लव लागणारं. आणि फळ तर काय सांगावं! पंधरा-वीस फाका कड्यानं रचलेलं चाक. वरून दाबलं की त्याच्या आऱ्यांचा गोल ठसा उठतो. मुद्रा म्हणतात ते म्हणून, चक्रभेंडी म्हणतात तेही म्हणून. पेटारी हे आणखी एक नाव. वाळल्यावर फाका काळ्या पडतात आणि प्रत्येकीत दोन-तीन बिया निघतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण चिकण्याच्या फाकेत बी एकच असतं. प्रजातीची भिंत या एका आकड्यावर उभी आहे.

उरले चार चिकणे. माझा सगळा ऑक्टोबर यांच्यामागे गेला आणि तो सत्कारणी लागला.

सगळ्यांत जास्त दिसते ती तुपकडी, सायडा अक्युटा. पानं भाल्याच्या पात्यासारखी निमुळती, कडेला करवतीचे दात, आणि फांदीवर दोनच ओळींत, समोरासमोरच्या दिशांना पसरलेली. त्यामुळे फांदी पुस्तकात दाबून ठेवल्यासारखी सपाट दिसते. पण तिची पक्की खूण पानाच्या देठाच्या बुडाशी आहे. तिथे डाव्या-उजव्या बाजूला दोन चिमुकली उपपर्णं असतात. दोन्ही सारखी असतील असंच आपण धरून चालतो. तुपकडीत ती सारखी नसतात! एक सुतासारखं बारीक, एका शिरेचं. दुसरं रुंद, अनेक शिरांचं. ज्या झुडपाला लोक लाथेनं बाजूला सारतात, त्यानं प्रत्येक पानापाशी एक रुंद आणि एक अरुंद अशी जोडी जपून ठेवली आहे. याचा त्याला काय उपयोग, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

दुसरी महाबला, सायडा रॉम्बिफोलिया. पान पतंगाच्या आकाराचं. बुडाकडचा अर्धा भाग नितळ आणि दात फक्त वरच्या अर्ध्यात. पान उलटलं की खालची बाजू करडी. फुलाचा देठ लांब, पानाच्या देठाच्या कितीतरी पुढे गेलेला. तुपकडीचं फूल पानाच्या कुशीत बसतं, महाबलेचं बाहेर डोकावतं. इतका फरक कळला, की दुचाकीवरून जातानाही दोघी वेगळ्या दिसू लागतात.

तिसरा खरा चिकणा, सायडा कॉर्डिफोलिया. त्याला पाहण्याआधी हात लावावा. हृदयाच्या आकाराचं पान लवेनं इतकं मऊ, की मांजराच्या कानाची आठवण येते. भिंगातून ही लव पाहिली तर सरळ केसांबरोबर चांदण्या दिसतात. एका बिंदूतून चहूबाजूंना फुटलेले केस, प्रत्येक केसपुंजका म्हणजे एक चांदणी. पानभर आकाश! अशा चांदण्या या कुळात सर्रास असतात, पण पहिल्यांदा त्या मला या पानावर दिसल्या आणि रस्त्यावरचा गोंगाट क्षणभर ऐकू येईनासा झाला.

चौथी भुईबला, सायडा कॉर्डाटा. हिलाही हृदयाचं पान, पण ही उभीच राहत नाही. जमिनीवरून, गवतातून सरपटत जाते आणि केसाएवढ्या बारीक लांब देठावर एकेक फिकट पिवळं फूल वर धरते. चौकाजवळ ती मला एकाच ठिकाणी मिळाली, भिंतीच्या सावलीतल्या ओलसर कोपऱ्यात.

पण पानं फसवतात. उन्हात वाढलेल्या झाडाची पानं लहान, सावलीतल्याची मोठी. शेळीनं खुडलेल्या फांदीवर तर भलत्याच आकाराची येतात. म्हणून शेवटचा निवाडा फळाकडे न्यायचा. फूल गळल्यावर हिरवी वाटी मिटते आणि आत संत्र्याच्या फोडींसारख्या फाकांचं एक इवलंसं चाक पिकतं. वाटी वाळून तपकिरी झाली, की ती तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळायची, फुंकर मारायची आणि फाका मोजायच्या. भुईबलेच्या पाच, आणि टोकाला काही नाही. खऱ्या चिकण्याच्या बहुधा दहा. महाबलेच्या आठ ते दहा, कधी एखाद-दुसरी जास्त. तुपकडीच्या पाचपासून नऊपर्यंत कितीही, प्रत्येकीच्या डोक्यावर दोन आखूड शिंगं. खऱ्या चिकण्याची शिंगं लांब, वाटीबाहेर येणारी, आणि त्यांवर उलट्या दिशेनं वळलेले बारीक केस. बोट वरून खाली फिरवलं तर गुळगुळीत, खालून वर आणलं तर अडकतं. शेळीच्या अंगावर किंवा पायजम्याच्या कडेला ते एकदा रुतलं, की पुढे-पुढे सरकतं, मागे येत नाही. आणि मालवास्ट्रमच्या फाका दहा ते चौदा, प्रत्येकीवर तीन टोकं.

तळहातावर फुंकर मारून उरलेल्या काळ्या कणांत पाच आहेत की दहा, यावर जातीचं नाव ठरतं. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा झालेला आनंद मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

हा सगळा खटाटोप आनंदापुरताच आहे असं मात्र नाही. आयुर्वेदात बला हे मोठं औषध आहे. बला, महाबला, अतिबला आणि नागबला अशा चार बला भावप्रकाशात सांगितल्या आहेत. बला म्हणजे खरा चिकणा आणि अतिबला म्हणजे मुद्रा, असं बहुतेक वैद्य मानतात. नागबला कोणती यावर एकमत नाही. आता विचार करा. जंगलातून, बांधावरून मुळ्या गोळा होतात. पान नाही, फूल नाही, फळ नाही. वाळलेली तपकिरी मुळी तेवढी पोत्यातून बाजारात येते. त्या मुळ्यांचा डीएनए तपासला गेला तेव्हा बला म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात चिकण्याच्या वेगवेगळ्या जातींची सरमिसळ दिसून आली. यात दरवेळी कोणी लबाडी केलेली असते असं मी म्हणणार नाही. गोळा करणाऱ्याच्या लेखी त्या सगळ्या ‘चिकणाच’ असतात. तरीही औषध घेणाऱ्याला पोटात काय जातंय ते कळलं पाहिजे, आणि ते कळायचं तर मुळी उपटण्याआधी फळ पाहणारा डोळा हवा.

शेतकऱ्यासाठी ही ओळख आणखी जवळची आहे. या जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत कपाशी हे मोठं पीक. कपाशीवर, भेंडीवर, सावरीच्या बोंडावर आणि मुद्रेच्या फळांवर एकच लाल ढेकूण सापडतो. बिया शोषणारा, पाठीवर पांढऱ्या-काळ्या खुणा असलेला. झुडूप असो की साठ फुटांचं झाड, त्याला फरक पडत नाही, त्याला कुळ कळतं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी डीएनए वाचून काटेसावर या कुळात आणली, हा किडा तिथे आधीपासून बसलेला होता. गुलाबी बोंडअळीसुद्धा कपाशी नसेल तेव्हा भेंडी, अंबाडी आणि मुद्रेसारख्या भाऊबंदांकडे मुक्काम करू शकते. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्याजर्द करणारा केवडा रोग विषाणूमुळे होतो आणि तो पांढरी माशी पसरवते. बांधावरच्या चिकण्याच्या आणि मालवास्ट्रमच्या पानांवरही अशीच पिवळ्या शिरांची जाळी दिसते, आणि तिच्यामागेही त्याच घराण्यातले विषाणू आणि तीच माशी असते. म्हणून बांध पाहताना सगळ्याला ‘तण’ म्हणून भागत नाही. कोणतं तण कपाशीचं भाऊबंद आहे हे कळलं, तर संकट कुठून येऊ शकतं तेही कळतं.

आणि कपाशीची स्वतःची गोष्ट तर याहून अद्भुत. आपल्या देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात. अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. नेमकी दुप्पट का? दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, आजचा माणूस जगात यायच्याही आधी, जुन्या जगातल्या देशीसारख्या एका कापसाचा आणि अमेरिकेतल्या एका रानकापसाचा संकर अमेरिकेच्या भूमीवर झाला आणि दोघांची गुणसूत्रं एकत्र नांदू लागली. मधल्या महासागरातून बी पलीकडे कसं गेलं असेल? बहुधा लाटांवर तरंगत. आज मराठवाड्याच्या शेतात उभी असलेली बीटी कपाशी त्या संकराचीच वंशज, म्हणजे तिच्या प्रत्येक पेशीत देशी कापसाचा एक दूरचा पूर्वज आहे. या शहरात विणल्या जाणाऱ्या हिमरूचा ताणा सुती आणि बाणा रेशमी. तो सुती ताणा आणि फुटपाथवरची तुपकडी एकाच घरातली आहेत, हे कळल्यापासून मला हिमरू शाल पूर्वीसारखी नुसती शाल वाटत नाही.

हे सगळं मला एकट्याला सापडलं असतं का? मुळीच नाही. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. मूळचे ते अभियंते, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. पण मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून या ग्रंथाच्या हद्दीबाहेर. सह्याद्रीतलं गवताचं पातं नोंदवलं गेलं आणि इथलं रान बिननोंदीचं राहिलं. ती उणीव भरून काढली ती याच शहरातल्या मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या व्ही. एन. नाईक यांनी. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ दोन खंडांत १९९८ मध्ये निघाला आणि छापला गेलाही इथेच. अशा ग्रंथामागे किती उन्हाळे-पावसाळे पायाखाली गेले असतील! झाड दिसलं, फांदी तोडली, कागदात दाबली, फाका मोजल्या, पुन्हा मोजल्या. आपण ज्याला तण म्हणून ओलांडून जातो, त्यासमोर कोणीतरी गुडघे टेकून बसलं म्हणूनच आज मला त्याचं नाव सांगता येतंय. हा ग्रंथ इंग्रजीत आहे. शाळेतल्या मुलाच्या हातात देता येईल असं, चित्रांसहित, मराठवाड्याच्या रस्त्याकडेच्या झाडांचं एखादं मराठी पुस्तकही हवं. ते कोणीतरी लिहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोपर्यंत तुम्ही एक करा. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग खिशात टाका आणि सकाळी दहानंतर बाहेर पडा. क्रांती चौकातच यायला हवं असं नाही. तुमच्या गल्लीच्या टोकालाही हे कुळ उभं असेल. पिवळं फूल दिसलं, की ते उलटं करून खाली तीन पट्ट्या आहेत का पाहा. वाळलेली वाटी तळहातावर चोळून फाका मोजा. झाड उपटू नका, एक फळ पुरतं. फळं ऑक्टोबरमध्ये पिकतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत रस्त्याच्या कडा बहुतेक खरवडल्या जातात. त्याआधी जाऊन या.